घडीची करवत निवडताना: आधी फांदी मोजा, मग पाते बघा

घडीची करवत हातात दिली की बहुतेक जण ती उघडतात आणि दातांवरून बोट फिरवून बघतात. मी आधी ती मिटतो. पात्याची फट जमिनीकडे येईल अशी उलटी धरतो आणि मनगटाने दोन-तीनदा जोरात झटकतो. पाते जागचे हलले नाही तरच पुढचे बघायचे.

ही सवय मला एका जखमेने लावली. माझ्या पहिल्या करवतीचा खटका पाते उघडे असतानाच बसायचा. मिटल्यावर ते नुसत्या बोल्टच्या घट्टपणावर अडकून राहायचे. नवी होती तोवर काही वाटले नाही. वर्षभरात बोल्ट सैल झाला, आणि एकदा दोरी काढायला पाठपिशवीत हात घातला तर पाते अर्धे उघडून दात वर करून बसलेले. सुरीची जखम सरळ चिरलेली असते, कडा जुळतात. करवत मांस ओरबाडते, त्यामुळे कडा जुळत नाहीत आणि जखम भरता भरत नाही. मधल्या बोटाच्या पेरावर तो व्रण अजून आहे. करवत उघडी असते तेव्हा आपण जपून वागतो. मिटलेली असते तेव्हा ती पिशवीत आहे हेही लक्षात राहत नाही.

म्हणून घडीच्या करवतीकडून मी दोन गोष्टी मागतो: उघडली की स्वच्छ कापावी आणि मिटली की मिटलेलीच राहावी. या लेखात बोलायचे आहे ते खिशात, कमरेला किंवा पाठपिशवीच्या कडेच्या कप्प्यात मावणाऱ्या करवतीबद्दल. बागेतली छाटणी, पायवाटेवर आडवी आलेली फांदी, मचाणासमोरच्या डहाळ्या, आणि कायद्याने शिकारीला परवानगी आहे तिथे शिकारीनंतरचे काम, एवढा तिचा पसारा.

पहिली पायरी: काय कापणार ते ठरवा

दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन झाडाकडे जा. तुम्ही नेहमी ज्या फांद्या कापता किंवा कापायच्या म्हणता, त्यांतली सर्वांत जाड कोणती? बुंध्याशी तिची जाडी मोजा. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. वर असलेली फांदी बारीक वाटते, आणि हाताच्या उंचीवर आली की मनगटाएवढी निघते.

ती जाडी दुपटीने घ्या. पाते निदान तेवढे लांब हवे. ६ सें.मी.च्या फांदीला १२ सें.मी. पाते चालते, ९ सें.मी.च्या फांदीला १८. हा नियम बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण तो कशामुळे हे क्वचितच कोणी सांगते. दोन दातांमध्ये जी खोबण असते तिच्यात कापलेला भुसा साठतो. दात लाकडातून बाहेर आला की भुसा खाली पडतो आणि खोबण पुन्हा रिकामी होते. प्रत्येक दात बाहेर यायचा तर करवत एका ओढीत निदान फांदीच्या जाडीएवढी सरकली पाहिजे. शिवाय त्या वेळी फांदीत अडकलेला पात्याचा भाग वेगळा, म्हणजे पुन्हा एक जाडी. दोन्ही मिळून दुप्पट. पाते त्याहून आखूड असेल तर मधले काही दात लाकडाबाहेर येतच नाहीत. त्यांच्या खोबणी भुशाने गच्च भरतात आणि दात लाकूड कापायचे सोडून भुशावरच घासत बसतात. हात दुखायला लागतो, आपण जोर वाढवतो, आणि करवत आडवी फिरते.

मग सरळ लांबच का घेऊ नये? कारण लांब पाते म्हणजे लांब मूठ. मिटल्यावर पाते मुठीत पूर्ण बुडायचे, म्हणून मूठ पात्यापेक्षा दोन-चार सें.मी. मोठीच असते. २४ सें.मी. पात्याची करवत खिशात मावत नाही, दाट फांद्यांत मागे ओढायला कोपराला जागा उरत नाही, आणि घरी राहते. घरी राहिलेल्या करवतीने काहीच कापले जात नाही. हाताशी धरायला काही ओळखीच्या करवती सांगतो. ओपिनेलची १२ क्रमांकाची करवत १२ सें.मी. पात्याची, फेल्को ६०० ची १६, बाहको लॅपलँडरची १९ आणि सिल्की गोमबॉय या मालिकेतली बरीच वापरली जाणारी २४ सें.मी.ची. माझ्या मते १६ ते १९ सें.मी. हा पट्टा बहुतेकांच्या कामाचा आहे. त्यात ८-९ सें.मी.पर्यंतच्या फांद्या बसतात आणि करवत अंगावर वागवताना जड होत नाही.

त्यापुढच्या जाडीसाठी घडीच्या करवतीचा हट्ट धरू नका. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचे क्षेत्र चौपट होते. ५ सें.मी.ची फांदी जिथे मिनिटभरात पडते तिथे १० सें.मी.ची चार मिनिटे घेते, आणि पाते आखूड पडले तर त्याहून किती तरी जास्त. दुसऱ्या टोकाला, बोटापेक्षा बारीक डहाळ्यांना छाटणीची कात्रीच हवी. लवचीक डहाळी करवतीबरोबर पुढे-मागे डोलते आणि तिची साल सोलून निघते.

दुसरी पायरी: दात वाचायला शिका

करवतीची खरी ओळख दातांत असते. वेष्टनावर इंचाला किती दात तो आकडा दिलेला असतो. काही जपानी उत्पादक तो ३० मि.मी.ला मोजतात, तेव्हा आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी हे तपासा. ३० मि.मी.ला ८ दात म्हणजे इंचाला पावणेसातच्या आसपास.

ओल्या, रसाळ लाकडाचा भुसा लांब आणि चिकट असतो. त्याला मोठी खोबण लागते, म्हणजे मोठे आणि विरळ दात: इंचाला ५ ते ७. वाळके, कडक लाकूड आणि बारीक फांद्या यांना ८ ते १० बरे, कारण मोठा दात वाळक्या लाकडात अडकून हिसका देतो. दोन्ही कामे एकाच करवतीने करायची असतील तर इंचाला ७ हा समजूतदार मधला मार्ग. लॅपलँडरचे दात एवढेच आहेत.

दातांची ठेवण बघायची तर पाते उजेडाकडे धरून टोकाकडून त्याच्या लांबीवर नजर टाका. काही पात्यांचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित फाकवलेले दिसतील. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही, पण काप खरखरीत येतो. काही पात्यांचे दात सरळ एका ओळीत असतात. ती पाती दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेली असतात, त्यामुळे फाकवल्याशिवायही घर्षण कमी राहते. अशा पात्याचा काप रंधा मारल्यासारखा गुळगुळीत निघतो. जिवंत झाडासाठी मी असेच पाते निवडतो. वाळके सरपण आणि चिवट, तंतुमय लाकूड जास्त असेल तर फाकवलेले दात कमी त्रास देतात.

आता एकेक दात जवळून पाहा. चांगल्या छाटणीच्या करवतीच्या दाताला तीन धारा असतात: दोन बाजूंना, तिसरी टोकावर तिरकी. बाजूच्या धारा लाकडाचे तंतू चिरतात आणि टोकाची धार ते उचलून काढते. स्वस्तातल्या पात्यांचे दात बऱ्याचदा पत्र्यातून ठोकून काढलेले साधे त्रिकोण असतात. हे ओळखायला भिंग लागत नाही. पाते कलते करून बघितले की दाताचे घासलेले पैलू चकाकतात. ठोकून काढलेला दात एकसारखा मंद दिसतो.

दातांच्या टोकांवर निळसर-काळी झाक दिसली तर समजा की त्यांना वेगळे कडक केले आहे. फक्त टोके क्षणभर तापवून झटकन थंड करतात. टोके काचेसारखी कडक होतात आणि पात्याचा बाकी भाग लवचीक राहतो. धार फार काळ टिकते, पण त्यावर साधी कानस चालत नाही, घसरते. म्हणजे दात बोथट झाले की पाते बदलायचे. अशी करवत घेताना त्याच मापाचे सुटे पाते मिळते का ते आधीच विचारा. मिळत नसेल तर करवत कितीही चांगली असो, ती एका पात्याच्या आयुष्याची आहे. ज्या पात्यांना ही झाक नसते त्यांच्या दातांना बारीक कानशीने घरी धार लावता येते. दूर रानात महिनोन्‌महिने राहणाऱ्याला हे मोलाचे आहे.

पोलादाबद्दल थोडक्यात. जास्त कार्बनचे पोलाद धार छान धरते पण गंजते. म्हणून त्यावर क्रोमचा मुलामा किंवा दुसरा लेप देतात. एसके-५ सारखी नावे दिसतात ती या जातीची. स्टेनलेस पाते ओल्या हवेत निश्चिंत ठेवता येते. पोलादाच्या नावावरून करवत निवडू नका, दातांच्या घडणीवरून निवडा.

तिसरी पायरी: ओढून कापणारी की ढकलून

कागदाची लांब पट्टी टोकाने ढकलून बघा, वाकते. तीच ओढा, ताठ होते. करवतीच्या पात्याचेही तेच. ओढताना कापणारे पाते कापायच्या क्षणी ताणलेले असते, म्हणून ते पातळ असले तरी चालते. पातळ पात्याची चीर अरुंद, म्हणजे कमी लाकूड कापायचे, म्हणजे कमी श्रम. ढकलून कापणाऱ्या पात्याला वाकू नये म्हणून जाडी लागते. घडीच्या करवतीत ओढून कापणारे पातेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. हात वर करून कापताना शरीराचे वजन ओढीला लागते, ढकलीला लागत नाही.

त्याची किंमत एकच. पाते चिरीत अडकलेले असताना पुढे रेटले तर ते मोडते किंवा कायमचे वाकते. उसनी दिलेली करवत वाकून परत येते ती बहुधा अशीच.

सरळ पाते की वक्र? डोक्यावरच्या फांद्यांसाठी वक्र बरे. ओढली की दात आपोआप लाकडात रुतत जातात, वेगळा दाब द्यावा लागत नाही. कमरेच्या उंचीवर, जमिनीलगत किंवा हाडावर काम करायचे तर सरळ पात्यावर ताबा जास्त राहतो. काही करवतींत पाते दोन कोनांत बसते. गोमबॉयमध्ये तशी सोय आहे. जमिनीलगतचे खुंट कापताना दुसऱ्या कोनामुळे बोटांची पेरे मातीवर घासत नाहीत. बाग असलेल्याला हे आवडेल. फक्त रानात जाणाऱ्याला त्याची गरज कमीच.

चौथी पायरी: खटका, बोल्ट आणि मूठ

इथे घाई करू नका. दुकानात असाल तर हातमोजे घाला आणि पुढचे सगळे करून बघा.

पाते उघडा. खटका बसल्याचा स्पष्ट आवाज आला पाहिजे. मग पाते चिमटीत धरून मिटायच्या दिशेने दाबा. खटका किंचितही दबला तर ती करवत परत ठेवा. पाते डावी-उजवीकडे हलवा. केसभर हालचाल बोल्ट आवळून जाते, पण बोल्टच्या जागी रिव्हेट असेल तर ती पुढे वाढतच जाणार. म्हणून पेचकसाने किंवा नाण्याने आवळता येणारा बोल्टच हवा.

आता मिटा. दातांची टोके मुठीच्या कडेखाली पूर्ण बुडली का? बोट फिरवून नको, डोळ्यांसमोर आडवी धरून बघा. मिटलेल्या स्थितीतही खटका बसतो का? बसत असेल तर झटकण्याची परीक्षा ती सहज पास होईल. नसेल आणि बाकी सगळे आवडले असेल, तर तिला कडक म्यान असायलाच हवे.

खटक्याचे बटण कुठे आहे तेही बघा. मूठ कापण्याच्या पवित्र्यात घट्ट धरा आणि आपला अंगठा कुठे पडतो ते पाहा. अंगठा बटणावर पडत असेल तर भर कामात खटका सुटून पाते बोटांवर मिटू शकते. हातमोज्यांसकट बटण दाबता येते का हेही त्याच वेळी कळते.

मुठीला रबराचे आवरण असावे आणि टोकाशी जरा फुगवटा असावा. ओढताना करंगळी त्याला टेकते, म्हणून घामाने ओला हातही निसटत नाही. दोरी ओवायला भोक हवेच. आणि रंग भडक घ्या. हिरवी किंवा तपकिरी मूठ दिसायला शोभून दिसते, पण पाचोळ्यात ठेवली की दिसेनाशी होते. माझ्याकडे तशी असलेल्या करवतीच्या मुठीला मी केशरी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

पाचवी पायरी: शिकारीचे काम असेल तर

मचाणासमोरची नजर आणि नेम मोकळा करायचा असेल तर ते काम शिकारीच्या दिवशी करू नका. ताज्या कापाचा वास, भुसा आणि माणसाचा वावर जनावराला कळतो. काही आठवडे आधी, जमिनीच्या मालकाला विचारून, लागेल तेवढेच कापा. सगळा आडोसा काढला तर तुम्हीच उघडे पडता. एक जण वर बसून बोटाने दाखवतो आणि दुसरा खालून कापतो, ही पद्धत सर्वांत कमी फांद्यांत भागवते.

वर बसून कापायचेच असेल तर सुरक्षा पट्टा खोडाला बांधलेला हवा. करवत चढताना कमरेला नको. दोरीने नंतर वर ओढून घ्या. वर आली की तिची दोरी मनगटाला बांधू नका, मचाणाला किंवा पट्ट्याच्या कडीला बांधा. मनगटाला बांधलेली उघडी करवत हातातून सुटली तर तिथेच लोंबकळते आणि परत फिरून हातावरच येते.

शिकारीसाठी करवत निवडताना आवाजही तपासा. सैल पाते मुठीत खुळखुळते. शांत सकाळी तो आवाज फार लांब जातो. खटक्याचा आवाज टाळता येत नाही, पण बटण दाबून धरून पाते हळू उघडले आणि मग बटण सोडले तर तो बराच दबतो.

आता हाडांकडे. लाकडाच्या करवतीने हाड कापता येते, पण ते काम ओबडधोबड होते. चरबी आणि मज्जा मोठ्या खोबणींत लिंपून बसते, दात हाडावर उड्या मारतात आणि हाडाचा चुरा मांसात मिसळतो. हाडाला बारीक दात लागतात, इंचाला १० किंवा त्याहून अधिक. पात्याचे टोकही गोल हवे. छातीचे मधले हाड किंवा कमरेचे हाड आतून कापताना टोकदार पाते आतडे किंवा मूत्राशय फोडते, आणि मग आजूबाजूचे मांस वाया जाते. झाडाचा चीक लागलेले पाते मांसाला लावणेही बरे नाही. म्हणून दोन्ही कामे करणाऱ्याने एकाच मुठीला बसणारी दोन पाती घ्यावीत, किंवा हाडाची छोटी करवत वेगळी ठेवावी. सांध्यांत सुरी चालवून हाड न कापताच मांस सोडवता येते, आणि ज्याला ते जमते त्याला करवत क्वचितच लागते.

हरणांच्या कुळातल्या प्राण्यांबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्यायची. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा झिजवणारा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये दिसला आणि २०१६ मध्ये नॉर्वेतल्या रेनडिअरमध्ये सापडला. तो प्रिऑन या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. प्रिऑन साध्या शिजवण्याने मरत नाहीत, आणि ते मेंदू आणि मज्जारज्जूत जास्त असतात. तो रोग असलेल्या भागात डोके आणि पाठीचा कणा करवतीने कापू नये, हातमोजे घालावेत, आणि जनावराची तपासणी करून घ्यावी.

सहावी पायरी: घेतल्यावर पहिला काप

पहिला प्रयोग जिवंत झाडावर नको. जमिनीवर पडलेली, मनगटाएवढी फांदी घ्या आणि ती हलणार नाही अशी टेकवा. पात्याची मुठीजवळची बाजू लाकडावर ठेवा आणि दोन-तीन हलक्या ओढी मारा, फक्त खोबण पडण्यापुरत्या. बहुतेक जखमा याच क्षणी होतात. खोबण नसते, पाते उडते, आणि फांदी धरलेला दुसरा हात तिथेच असतो. तो हात कापाच्या जागेपासून निदान एक वीत लांब ठेवा. जमले तर पात्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा.

खोबण पडली की पात्याची पूर्ण लांबी वापरा. आखूड, घाईच्या ओढींनी मधलेच दात झिजतात. ओढताना जोर, परत नेताना नुसते सरकवणे. आवाजावर लक्ष ठेवा. चांगला चाललेला काप एका सुरात खरखरतो. सूर चढून किंचाळल्यासारखा झाला की चीर मिटत चालली आहे आणि पाते चिमटले जाणार, असे समजून थांबा.

चीर का मिटते हे कळले की अर्धे काम सोपे होते. एका टोकाला धरलेल्या, लोंबत्या फांदीची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची दाबलेली. वरून कापले की चीर उघडते आणि पाते मोकळे राहते, पण शेवटी फांदी साल ओढत खाली कोसळते. दोन्ही टोकांना टेकलेल्या, मध्ये झुकलेल्या ओंडक्यात उलटे होते. तिथे वरून कापले की चीर मिटते. नियम असा की आधी दाबलेल्या बाजूने उथळ काप आणि मग ताणलेल्या बाजूने पुरा. वाकून अडकलेल्या, धनुष्यासारख्या ताणलेल्या फांदीसमोर तर उभेच राहू नका. ती सुटली की तोंडावर येते.

जिवंत झाडाची जड फांदी तीन कापांत काढायची. समजा खोडातून ६ सें.मी. जाडीची फांदी निघाली आहे. खोडापासून साधारण ३० सें.मी. लांब, खालच्या बाजूने पहिला काप घ्या, पाव ते एकतृतीयांश जाडीपर्यंत. मग त्याच्या दोन-तीन सें.मी. पलीकडे, टोकाच्या बाजूला, वरून दुसरा काप. फांदी तुटून पडेल आणि साल फाटत आली तरी पहिल्या कापाशी थांबेल. आता खोडावर हलका, ३० सें.मी.चा खुंट उरला. तो कुठे कापायचा हे ठरवायला झाडाजवळ जा आणि नीट बघा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, जराशी सुजल्यासारखी कड दिसते. हाताला ती डोळ्यांपेक्षा लवकर कळते, म्हणून बोट फिरवा. तिसरा काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्या, फुगवटा झाडावर ठेवून.

अमेरिकी वन सेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून अभ्यासली. जखम झालेला भाग झाड आपल्या शरीरासारखा भरून काढत नाही, त्याभोवती भिंती उभारून त्याला वेगळे पाडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या बचावाचा महत्त्वाचा भाग फुगवट्यात असतो. खोडाशी सपाट कापले की तो निघून जातो आणि कूज खोडात शिरते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि जखमेवर साल चढत नाही. जखमेला रंग किंवा डांबर फासायची जुनी पद्धतही सहसा उपयोगाची नसते. गुळगुळीत काप आणि मोकळी हवा पुरेशी असते. सरळ दातांचे महाग पाते मी जिवंत झाडासाठी का निवडतो याचे उत्तर इथे मिळते.

सातवी पायरी: निगा

करवत ओली मिटू नका. एवढे एक पाळले तरी तिचे आयुष्य वाढते, कारण मुठीच्या खोबणीत हवा खेळत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

चीक आणि डिंक ताजा असतानाच स्पिरिट किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, पाठीकडून दातांकडे, कधीही दातांच्या लांबीवरून नव्हे. दातांत अडकलेला भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने निघतो. मग तेलाचा पातळ हात. मांसाला लागणाऱ्या पात्याला खाण्यायोग्य तेलच लावा. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ब्लीचनेही जंतू मरतात, पण ते पोलाद खाते.

महिन्यातून एकदा बोल्ट आवळा. इतकाच की पाते स्वतःच्या वजनाने खाली येणार नाही आणि तरी एका हाताने उघडेल. खटक्याच्या खाचेत साचलेला भुसा काडीने काढा. खटका बसल्यासारखा वाटूनही पुरता न बसण्याचे कारण बहुधा तेवढेच असते. आणि झटकण्याची परीक्षा दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा घ्या, कारण बोल्ट आणि खटका वापराने झिजतात.

पाते कधी बदलायचे? काप स्वतःहून एका बाजूला वळू लागला तर त्या बाजूच्या विरुद्ध दात बोथट झालेले असतात. भुशाचे दाणे जाऊन नुसती धूळ पडू लागली, किंवा पूर्वी दहा ओढींत पडणारी फांदी वीस ओढी घेऊ लागली, तर वेळ आली. जुने पाते तसेच कचऱ्यात टाकू नका. जाड पुठ्ठ्याची पट्टी मधोमध दुमडून दातांवर चढवा, वरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या, आणि वर ठळक अक्षरांत लिहा: आत करवतीचे पाते आहे.